हिवाळ्याची दुसरी बाजू

कार्तिक सरून मार्गशीर्ष लागला आणि पहाटे खिडकीच्या गजांवर दव दिसू लागले, की वर्तमानपत्रांतून एक ठराविक शब्दप्रयोग डोके वर काढतो : 'गुलाबी थंडी'. तिच्या जोडीला ऊबदार शाल, वाफाळलेला चहा, शेकोटीभोवतीच्या गप्पा, कोवळा हुरडा आणि बाजरीच्या भाकरीवरचा लोण्याचा गोळा ही मंडळी आलीच. हे चित्र इतक्या वेळा रंगविले गेले आहे की, हिवाळा सर्वांच्याच आवडीचा, असे गृहीत धरले जाते. उन्हाळ्याला नावे ठेवण्यास कोणी संकोचत नाही. पावसाळ्यातील चिखलाबद्दलही लोक उघडपणे कुरकुरतात. परंतु 'मला हिवाळा आवडत नाही' असे कोणी म्हटले, तर ऐकणारे त्याला अरसिक समजतात. मुंबईकरावर तर हे वाक्य उच्चारण्याची पाळीच येत नाही. समुद्र उशाशी असल्यामुळे तेथील पारा फारसा खाली उतरत नाही. वर्षातून चार-सहा वेळा स्वेटर बाहेर निघावा आणि त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास यावा, एवढीच काय ती तेथली थंडी! गुलाबी थंडीची बरीचशी वर्णने अशाच ठिकाणी बसून लिहिली गेली असावीत.

हिवाळा नावडणारे लोक मात्र पुष्कळ आहेत, आणि त्यांची नावड अरसिकपणातून आलेली नाही.

थंडीतील सुखाची स्तुती आजची नव्हे. कालिदासाच्या नावावर असलेल्या 'ऋतुसंहार' ह्या काव्यात सहा ऋतूंचे सहा सर्ग आहेत. त्यांतील शिशिराच्या सर्गात बंद खिडक्यांची घरे, अग्नी, सूर्याचे किरण आणि जाड वस्त्रे लोकांना प्रिय होतात, असे वर्णन आले आहे. अलीकडे डेन्मार्कमधून जगभर गेलेला 'ह्युग' हा शब्द बंद दाराआडच्या अशाच उबेचे कौतुक करतो. कवीचे निरीक्षण बिनचूक आहे. फक्त ज्याच्या घराला बंद करण्याजोगी खिडकीच नाही, असा मनुष्य त्या सर्गात कोठे भेटत नाही.

वाल्मीकींची दृष्टी ह्याहून व्यापक होती. राम, सीता व लक्ष्मण पंचवटीत राहत असता हेमंत ऋतूतील एका पहाटे ते गोदावरीवर स्नानास निघतात. हाती कलश घेऊन मागून चालणारा लक्ष्मण वाटेत ऋतूचे वर्णन करू लागतो. हेमंत हा रामाचा आवडता ऋतू, हे तो प्रारंभीच सांगतो. धान्याने भरलेली शेते आणि धुक्याने झाकलेली वने ह्यांचेही कौतुक करतो. परंतु त्याच्या दृष्टीला एवढेच दिसत नाही. तहानेला रानहत्ती पाण्याला सोंड लावतो आणि चटकन मागे घेतो, हे त्याने पाहिले आहे. पाण्यातच राहणारे पक्षी काठावर बसून आहेत, आत उतरावयास धजत नाहीत, हेही त्याने टिपले आहे. आणि मग एकाएकी त्याला अयोध्येच्या वेशीबाहेरील भरताची आठवण होते. राजसुखात वाढलेला तो भाऊ अशा थंडीत भुईवर निजत असेल आणि पहाटे शरयूच्या पाण्यात कसा उतरत असेल, ह्या विचाराने लक्ष्मण व्याकूळ होतो. ऋतूच्या स्तुतीत दूरच्या माणसाचे कुडकुडणे त्याने विसरले नाही, म्हणूनच ते वर्णन खरे वाटते.

पंचवटी आजच्या नाशकात असल्याचे मानतात. तेथून पूर्वेस पस्तीस-चाळीस किलोमीटरवर निफाड हा तालुका आहे, आणि महाराष्ट्रात थंडीची लाट आली की पहिल्याने त्याचेच नाव ऐकू येते. तेथील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात तापमानाची नोंद होते. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस ह्या ठिकाणचा पारा दोन अंश सेल्सिअसच्याही खाली उतरला होता. उत्तरेकडे हिमालयात बर्फ पडून तिकडचे कोरडे, गार वारे दक्षिणेकडे वाहू लागले, की असे दिवस येतात. पण केवळ वाऱ्यानेच एवढी थंडी पडत नाही. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडीत असते. आकाशात ढग असले तर ते पांघरुणासारखे होऊन ही उष्णता अडवितात. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असला, तर उष्णता अडविणारे कोणी उरत नाही. जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा अधिक गार होते. गार हवा जड असल्यामुळे पाण्यासारखी उताराने वाहत सखल भागात साचते. चांदण्यांनी लखलखलेली जी रात्र कवीला मोहविते, तीच नदीकाठच्या शेतकऱ्याला धडकी भरविते.

निफाडचा शेतकरी द्राक्षे पिकवितो. ऑक्टोबरात वेलींची छाटणी झाली की डिसेंबर-जानेवारीत मणी फुगावयाचे असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत थंडी त्यांची वाढ रोखून धरते. वेलीची मुळे सुस्तावतात, मण्यांची फुगवण थांबते, काही मणी तडकतात, पानांवर भुरी रोग बळावतो. ह्याहून विलक्षण असा एक प्रकार आहे. रात्री कडाक्याची थंडी आणि दुपारी कडक ऊन असे अंतर फार वाढले, म्हणजे पांढऱ्या-हिरव्या द्राक्षांच्या मण्यांवर गुलाबी झाक चढते. बागाईतदार तिला 'पिंक बेरी' म्हणतात. खावयास ते मणी वाईट नसतात, पण परदेशी व्यापारी असा माल घेत नाही आणि वर्षभराच्या मेहनतीचा भाव पडतो. म्हणून शेतकरी एकेका घडाला कागद गुंडाळून ठेवतो. बहुधा तो कागद जुन्या वर्तमानपत्राचाच असतो. त्यावर गुलाबी थंडीचे वर्णन छापलेले असले, तरी ते वाचावयास त्याला सवड नसते!

पारा फारच उतरला तर तो पहाटे तीन वाजता उठून बागेत जागोजागी शेकोट्या पेटवितो. धुरानेच बाग वाचते असे पुष्कळांना वाटते. वास्तविक उपयोग होतो तो थोड्याबहुत उष्णतेचा आणि तिने हलणाऱ्या हवेचा. विहिरीचे पाणी पहाटेच्या हवेहून उबदार असल्यामुळे ते ठिबकने सोडूनही मुळांना ऊब देतात. जळगावकडे केळीच्या बागाईतदारालाही असेच जागावे लागते, कारण केळ हे उष्ण प्रदेशाचे झाड. थंडीने त्याची पाने पिवळी पडतात व घड निसवण्यास उशीर होतो. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या काठी दवाचे थेंब गोठून पांढरे झाले, म्हणजे प्रवासी छायाचित्रे काढावयास धावतात. तेथून जवळच असलेल्या मळ्यांत त्याच पहाटे स्ट्रॉबेरीचा शेतकरी पाने करपली की काय, हे वाकून पाहत असतो.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. थंडी सर्वच पिकांची वैरी नाही. गव्हाला तिच्यामुळे फुटवे येतात, दवावर हरभरा पोसतो, आंबा मोहोरतो. थंडी पडलीच नाही तर रब्बी हंगाम फसतो आणि कोकणचा बागाईतदार चिंतेत पडतो. शेतकऱ्याला म्हणून थंडी हवी असते. मात्र ती त्याला आपल्या अंगावर नको असते. गव्हाला ती मानवते, पण गव्हाला पाणी देणाऱ्याला मानवत नाही. कृषिपंपांना आठवड्यातील काही दिवस दिवसा आणि उरलेले दिवस रात्री वीज देण्याची पद्धत महाराष्ट्रात दीर्घकाळ चालत आली आहे. २०१७ साली सुरू झालेल्या सौर कृषिवाहिनी योजनेमुळे काही भागांत दिवसा वीज मिळू लागली. जेथे ती पोचलेली नाही, तेथे मध्यरात्री वीज आली की शेतकरी घोंगडी पांघरून, हाती बॅटरी व खांद्यावर फावडे घेऊन निघतो. दारे धरण्याचे काम चपला घालून होत नाही. एका वाफ्याचे पाणी दुसऱ्यात वळवावयाचे, तर घोटाभर गार चिखलात उभे राहावे लागते. पायांना प्रथम झिणझिण्या येतात, मग ते आपले आहेत हेही समजेनासे होते. उसाच्या पट्ट्यात बिबट्याची धास्ती निराळीच.

अशा रात्रीचे सर्वांत सत्य चित्र हिंदी लेखक प्रेमचंद ह्यांनी 'पूस की रात' ह्या १९३० सालच्या कथेत काढले आहे. पूस म्हणजे पौष. हल्कू नावाच्या गरीब शेतकऱ्याने कांबळीसाठी मोठ्या कष्टाने तीन रुपये साठविले होते. ते सावकाराच्या देण्यात जातात. तो कांबळीवाचून शेताच्या राखणीस जातो. जबरा नावाच्या कुत्र्याला पोटाशी धरून आणि पालापाचोळा पेटवून तो कशीबशी रात्र काढतो. नीलगायी शेतात शिरल्याचे त्याला कळते, तरी त्या उबेपासून त्याच्याने उठवत नाही. सकाळी सारे पीक गेलेले असते. बायको चिंतेत पडते. हल्कू मात्र आनंदाने म्हणतो की, आता रात्री थंडीत येथे निजावे तरी लागणार नाही. शेतकऱ्याने पीक गेल्याचा आनंद मानावा, ह्यापेक्षा हिवाळ्याची मोठी निंदा कोणत्या भाषेत झाली असेल?

थंडी माणसाच्या शरीरावर काय करते, हेही पाहण्यासारखे आहे. शरीर आतील उष्णता राखण्यासाठी त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आवळून घेते. त्यामुळे रक्तदाब वाढतो आणि हृदयाला अधिक जोर करावा लागतो. वृद्धांचे सांधे आखडतात, दमेकऱ्याची छाती भरून येते. परंतु ह्या बाबतीत युरोपातील एक अनुभव फार बोलका आहे. फिनलंड हा बर्फाचा देश, तर पोर्तुगालचा हिवाळा सौम्य. तरीही हिवाळ्यात मृत्यूंचे प्रमाण इतर महिन्यांपेक्षा जेवढे वाढते, ते पोर्तुगालमध्ये फिनलंडहून अधिक आढळून आले. ह्याचे एक मोठे कारण घरे. फिनलंडमधील घरांच्या भिंती, दुहेरी काचा व घर तापविण्याची सोय ह्या सर्वांचा विचार थंडी गृहीत धरून केलेला असतो. सौम्य हवेच्या देशात तसा विचार कोणी फारसा करीत नाही. डेन्मार्कचा मघाचा शब्दही ह्याच दृष्टीने पाहिला पाहिजे. डिसेंबरात कोपनहेगनचा दिवस जेमतेम सात तासांचा असतो. एवढ्या लांब अंधारात मन खचू नये म्हणून त्या लोकांनी मेणबत्त्या, गरम पेये आणि मित्रमंडळी ह्यांचा आधार शोधला. ज्याला आपण हिवाळ्याचे सुख म्हणतो, ते पुष्कळदा हिवाळ्यापासून सुटकेचे सुख असते. मनुष्य आस्वाद घेतो तो शालीचा, चहाचा आणि भिंतीचा. श्रेय मात्र थंडीला मिळते.

ज्यांना भिंतच नाही, त्यांचा प्रश्न आपल्या देशात न्यायालयापर्यंत गेला. दिल्लीच्या थंडीत रस्त्यावर राहणाऱ्या लोकांचे मृत्यू झाले, तेव्हा २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे निदान एक निवारा, आणि तोही बारमाही, असावा असा आदेश दिला.

महाराष्ट्रात मात्र हिवाळ्याशी ज्यांची सर्वांत जवळून गाठ पडते, ते लोक बेघर नाहीत. त्यांची घरे बीड, अहिल्यानगर ह्यांसारख्या जिल्ह्यांतील कोरडवाहू गावांत आहेत. पण हिवाळ्यात ती कुलूपबंद असतात. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांची धुराडी पेटली, की ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेऊन निघतात आणि चार-पाच महिने फडालगतच्या माळावर राहतात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे 'एक कोयता' असे म्हणतात. राहावयाचे ते कोपीत. बांबू, चटई आणि उसाचे पाचट ह्यांच्या त्या खोपट्यात ताठ उभेही राहता येत नाही, आणि वाऱ्याला तर तिचा काहीच अडसर नाही. बाई पहाटे तीन-चारला उठते. भाकऱ्या थापून, निजलेले मूल गोधडीत गुंडाळून ती उजाडण्यापूर्वी फडात शिरते. उसाच्या पानांना करवतीसारखी धार असते आणि त्यांवर रात्रभराचे दव साचलेले असते. पहिल्या दहा-वीस उसांतच लुगडे भिजून अंगाला चिकटते. बधिर झालेल्या बोटांना पान कापल्याचे उशिरा कळते. दिवसभर तोडणी झाल्यावर मोळ्या बांधून डोक्यावरून वाहावयाच्या, आणि गाडी रात्री आली तर ती रात्रीच भरावयाची.

थंडीचा उसावर होणारा परिणाम मात्र फार चांगला असतो. रात्री गार आणि दिवस उन्हाचे असले म्हणजे उसाची वाढ मंदावते व त्यात साखर साठू लागते. त्यामुळे थंडी वाढली की कारखान्याचा साखर-उतारा वाढतो, आणि कार्यालयातील फळ्यावर खडूने लिहिलेला आकडा पाहून संचालकांपासून सभासदांपर्यंत सर्वांना समाधान वाटते. फडातील बाईला तो आकडा ठाऊक नसतो. तिचे लक्ष पूर्वेकडे असते. उन्हाची पहिली तिरीप माळावर आली, की कोप्यांतून मुले बाहेर येतात आणि अंगातली गोधडी न सोडता त्या तिरपेत ओळीने बसून राहतात.