असमान याद्यांची जुळणी

दोन याद्या शेजारी ठेवून नोंदींच्या जोड्या लावणे हे शाळा, पंचायत आणि कचेरी यांतील नित्याचे काम होय. एक यादी लहान व दुसरी मोठी निघाल्यास काम करणारी व्यक्ती थांबून चौकशी करते. संगणकास मात्र अशा वेळी काय करावे, हे आधी सांगून ठेवावे लागते. पायथॉन या संगणकीय भाषेत त्यासाठी तीन मार्ग उपलब्ध आहेत.

तीन मार्ग

पहिला मार्ग ‘झिप’ या आज्ञेचा. २००० साली भाषेच्या २.० आवृत्तीत ती समाविष्ट झाली. चेनीच्या दोन बाजूंचे दाते एकास एक बसावेत, तशा ती नोंदी क्रमाने जोडते. लहान यादी संपताच ती थांबते; उरलेल्या नोंदी गळतात आणि तशी कोणतीही सूचना मिळत नाही.

दुसरा मार्ग ‘इटरटूल्स’ या साधनसंग्रहातील ‘झिप लाँगेस्ट’ हा होय. तो मोठ्या यादीच्या शेवटापर्यंत जातो आणि रिकाम्या जागी ठरवून दिलेली खूण भरतो.

तिसरा मार्ग २०२१ साली ३.१० आवृत्तीबरोबर आला. ‘झिप’ या आज्ञेस ‘स्ट्रिक्ट’ ही अट घातल्यास, लांबी असमान आढळताच काम थांबते व दोष कळविला जातो.

उदाहरण

समजा, एका वर्गात ४० विद्यार्थी आहेत. परीक्षेस ७ व १९ या क्रमांकांचे विद्यार्थी गैरहजर राहिले आणि त्यांच्या जागा न सोडता ३८ जणांचे गुण उतरविले गेले. ‘झिप’ वापरल्यास सातव्या विद्यार्थ्यास आठव्याचे गुण मिळतील. तेथून ३८व्या विद्यार्थ्यापर्यंत प्रत्येकापुढे दुसऱ्याचे गुण पडतील आणि शेवटची दोन नावे नाहीशी होतील. ‘झिप लाँगेस्ट’ने ती नावे राहतील, परंतु ३९ व ४० हेच गैरहजर भासतील. त्यातच रिकाम्या जागी शून्य भरल्यास गैरहजेरी आणि शून्य गुण यांतील भेदही पुसला जाईल. ‘स्ट्रिक्ट’ची अट असल्यासच चूक उघडकीस येईल.

तथापि ही तपासणी एखादी यादी संपल्यावरच होते. तोवर बऱ्याच जोड्या तयार झालेल्या असतात. म्हणून काम निर्दोष पार पडेपर्यंत त्या पक्क्या नोंदवहीत घेऊ नयेत.

समान लांबीची मर्यादा

लांबी समान असली तरी जुळणी बरोबर असेलच असे नाही. एक नोंद गळाली आणि दुसरी दोनदा लिहिली गेली, तर संख्या तंतोतंत जुळते आणि ‘स्ट्रिक्ट’लाही दोष दिसत नाही. यास्तव गुण, रक्कम किंवा अन्य तपशील यांपुढे संबंधित व्यक्तीचा क्रमांक लिहावा आणि जुळणी यादीतील स्थानावरून न करता त्या क्रमांकावरून करावी. तसे केल्यास सातव्या विद्यार्थ्याची जागा रिकामीच राहील आणि आठव्याचे गुण आठव्यालाच मिळतील.