कायोटीचा माग : आमिषाआधी जमीन बघा

कायोटी सापळ्यापर्यंत येतो आणि अडकत नाही, की नवखा माणूस आधी आमिष बदलतो. ते राहू द्या. अमेरिकेतला हा प्राणी आपल्या कोल्ह्याचा भाऊबंद, अंगाने थोडा मोठा आणि बराच संशयी. तो का फिरला, ते मातीत लिहिलेलं असतं. (सापळ्याचे कायदे तिथे राज्यागणिक वेगळे, ते आधी पाहावेत. कॅलिफोर्नियात फरसाठी सापळे लावायला २०१९च्या कायद्याने मनाई आहे.)

सकाळी लवकर किंवा दिवस कलताना जा. तिरप्या उन्हात ठशाच्या कडांना सावली धरते. भर दुपारी तोच ठसा पुसल्यासारखा दिसतो. मागाच्या कडेने चाला, मागावरून नको.

ठसा लांबट असेल, साधारण साडेसहा सेंटिमीटर, आणि मधल्या दोन बोटांची नखं जवळजवळ पुढे रोखलेली असतील, तर कायोटी धरा. कुत्र्याचा पंजा गोलसर, फाकलेला. पण एका ठशावर निकाल देऊ नका, चाल बघा. कुत्रा हुंगत भरकटतो. कायोटी दुडक्या चालीत मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशात टाकत सरळ रेघ ओढत जातो.

ही रेघ मोडते तिथे थांबा. पावलं आखूड होत गेली, म्हणजे तो सावध झाला. पुढचे दोन्ही पंजे शेजारी-शेजारी, जरा खोल रुतलेले दिसले, तर इथे उभं राहून त्याने वास घेतला. त्याच जागी चिमूटभर कोरडी माती हातातून सोडा. वारा सापळ्याकडून तुमच्या अंगावर येत असेल, तर त्याने आमिषाबरोबर तुमचाही वास घेतलाय. सापळ्याच्या कडेची माती उकरलेली असेल, तर सापळा घट्ट बसलेला नाही, पायाखाली डुगडुगला. किंवा त्याला हाताचा वास लागलाय. लांब उड्या आणि उडालेली माती दिसली, तर तो दचकून पळाला. अशा जागी पुन्हा सापळा मांडणं मला तरी व्यर्थ वाटतं.

आता जागा बदला, पण सापळा लगेच नको. मीटरभर व्यासाचं वर्तुळ चाळलेल्या मातीने सपाट करा, मधोमध वासाची वस्तू ठेवा. कायोटींच्या संख्येचा अंदाज घ्यायला अमेरिकी संशोधक १९७०च्या दशकापासून हीच युक्ती वापरत आले. रोज सकाळी ठसे वाचा, माती पुन्हा सारखी करा. रेघ न मोडता आत येऊ लागली, की मग सापळा.

शेवटी स्वतःच्या बुटांचा माग बघा; हे सहसा कोणी करत नाही. त्यावर कायोटीचे पंजे उमटले असतील, तर तुमच्यावर पाळत आहे. उत्तर कॅलिफोर्नियातल्या कायोटींवर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टोळीचे प्रमुख नर-मादी स्वतःच्या हद्दीत एकदाही कॅमेरा-सापळ्यात आले नाहीत. माणसं कॅमेरे लावत असताना ते जवळ येऊन किंवा उंचवट्यावरून बघत होते. म्हणून मांडणी रात्री करा, हद्दीच्या कडेला करा. आणि कुत्रा घरी ठेवा. त्या अभ्यासात कुत्रा बरोबर असला, की हे प्रमुख जवळ येत.