टॅग आपला, नोंद कोणाच्या हाती?

गाडी विकली, कागदपत्रं नव्या मालकाच्या नावावर झाली, की विषय संपला असं आपण धरून चालतो. भोपाळमधल्या बाग सेवनियातल्या आमच्या दारातून जुनी गाडी गेली, तेव्हा काचेवरचा फास्टॅग बंद करून घ्यायचं काम मध्यस्थानं स्वतःकडे घेतलं होतं. ते त्यानं केलंच नाही. एका सकाळी माझ्या फोनवर टोलचे मेसेज येऊ लागले. आधी फंदा, मग अमलाहा, मग भौंरासा. भोपाळच्या माणसाला वेगळं सांगायला नको, हा इंदूरचा रस्ता. संध्याकाळी तेच नाके उलट्या क्रमानं आले.

पैसे माझ्या खात्यातून गेले, त्याचा हिशेब करता येतो. मला अस्वस्थ केलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. ज्या कुटुंबाशी माझी धड ओळखही नाही, ते घरून कधी निघालं, कुठल्या वाटेनं गेलं, परत कधी आलं, हे सगळं मला घरबसल्या कळत होतं. त्यांना मात्र याचा पत्ताच नव्हता. उद्या असाच फोन एखाद्या वाईट माणसाच्या हातात असला तर?

फास्टॅग हा आरएफआयडी टॅग आहे. त्यात बॅटरी नसते. नाक्यावरच्या रीडरकडून येणाऱ्या रेडिओलहरींच्या जोरावरच चिप जागी होते आणि आपला क्रमांक सांगून मोकळी होते. गाडीत कोण बसलंय, हे तिला ठाऊक नसतं. त्या क्रमांकामागचं नाव, मोबाइल आणि खातं टॅग देणाऱ्या बँकेच्या दप्तरी असतं. म्हणून जपायची ती ही जोडणी, आणि तिच्यातून रोज तयार होणारी नोंद.

आपण भितो मात्र भलत्याच गोष्टीला. जून २०२२ मध्ये एक व्हिडिओ घरोघर फिरला होता. काच पुसणारा मुलगा मनगटावरच्या घड्याळानं फास्टॅगमधले पैसे काढतो, असं त्यात दाखवलं होतं. तो खोटा असल्याचा खुलासा फास्टॅगची व्यवस्था चालवणाऱ्या एनपीसीआयनं तेव्हाच केला. या व्यवस्थेत पैसे फक्त नोंदणीकृत टोलनाके आणि वाहनतळ यांनाच मिळू शकतात, एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे जाऊच शकत नाहीत.

खरा धोका त्यापेक्षा साधा आहे आणि आपल्या फाटकापर्यंत आलेला आहे. आमच्या भागात विद्यापीठामुळे आणि रुग्णालयांमुळे भाड्यानं राहणारी मुलं-मुली पुष्कळ. परिचयातल्या एका सोसायटीत ये-जा करण्यासाठी याच तंत्राची कार्डं दिली गेली. थोड्याच दिवसांत, तिथं राहणारी एक परिचारिका रात्री किती वाजता परतते, याची यादी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आली. त्या मुलीची कामाची पाळीच रात्री उशिरा संपते. सुरक्षेसाठी ठेवलेली नोंद तिच्यावर पाळत ठेवायला वापरली गेली, आणि तिला कोणी विचारलंही नाही. सर्वोच्च न्यायालयानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तो हक्क सोसायटीच्या फाटकाशी येऊन संपत नाही.

बरं, ती कार्डं तरी भक्कम असतात का? फाटकांवर वापरली जाणारी १२५ किलोहर्ट्‌झची स्वस्त कार्डं कोणीही विचारलं तरी आपला क्रमांक उघड सांगतात. त्यांची नक्कल बाजारातल्या लहानशा यंत्रावर काही क्षणांत होते. पुढच्या पिढीची मायफेअर क्लासिक कार्डं कुलूपबंद मानली जात. पण नेदरलँड्समधल्या नायमेखेन इथल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये त्यांची गुप्तलिपी फोडून दाखवली. उत्पादक कंपनी न्यायालयात गेली. न्यायालयानं संशोधन प्रसिद्ध करायला परवानगी दिली. नीट रचना केली तर चिप सावधही असू शकते. एप्रिल २०२४ मध्ये नागपूर आणि भुवनेश्वर इथून प्रायोगिक सुरुवात झालेल्या ई-पासपोर्टचंच बघा. त्याच्या पानावर छापलेल्या ओळी वाचल्याशिवाय चिप आतली माहिती देत नाही. म्हणजे सुरक्षित टॅग बनवता येतो, तो मागणारा ग्राहक हवा.

अनुभवातून जे शिकले, ते सांगते. गाडी विकताना टॅग बंद करायचं काम कोणावरही सोपवू नका. टॅग देणाऱ्या बँकेला स्वतः फोन करा, तो बंद झाल्याचा मेसेज हाती येऊ द्या, मगच किल्ली द्या. टॅग काचेवरून खरवडून काढा. जुनी गाडी घेत असाल तर आधीच्या मालकाचा टॅग एक दिवसही वापरू नका. नाहीतर तुमचा प्रवास त्याच्या फोनवर उमटेल. टोलबद्दल तक्रार असेल तर १०३३ हा क्रमांक आहे.

बँकेचं टॅप करायचं कार्ड याच कुळातलं, पण ते काही सेंटीमीटरवरूनच वाचलं जातं. १ जानेवारी २०२१ पासून पिनशिवाय ५,००० रुपयांपर्यंतचे व्यवहार करता येतात. टॅपची गरज नसेल तर बँकेच्या अॅपमधून ही सोय बंद करा, किंवा मर्यादा खाली आणा. कार्ड हरवलं तर आधी ते ब्लॉक करा. फसवणूक झाली तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा.

सोसायटीच्या सभेत गप्प बसू नका. घर सोडणाऱ्या भाडेकरूचं कार्ड त्याच दिवशी रद्द व्हायला हवं. नोंद बघायचा अधिकार एक-दोन जबाबदार माणसांनाच हवा, आणि ठरलेल्या मुदतीनंतर ती पुसली गेली पाहिजे. ग्रुपवर कोणाच्या येण्या-जाण्याची यादी आली, तर पहिला आक्षेप तुम्ही घ्या. ज्या मुलीचं नाव त्या यादीत असतं, तिला तिथं एकटीनं बोलणं फार कठीण जातं.

आणि पुढच्या वेळी कोणी नवं कार्ड किंवा टॅग हातात ठेवला, तर त्यात काय साठवलंय, नोंद कोण पाहणार आणि ती किती दिवस राहणार, हे लेखी मागा. उत्तर मिळाल्याशिवाय सही करू नका.