दीव ते अगत्ती किती लांब? अंतर आणि वेळ काढायची रीत



बडोद्याकडची आपली घरं सुट्टीत दीवला जातातच. त्यावरून एका सभासदाच्या मुलानं विचारलं, "दीव बेटावर विमानतळ आहे, लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावरही आहे. मग इथून तिथं जायला किती वेळ लागेल?" प्रश्न विमानाचा, पण हिशेब बोटवाल्यांच्या कामाचा आहे. म्हणून नीट मांडतो.

१) आधी अंतर
दीव विमानतळ २० अंश ४३ मिनिटं उत्तर अक्षांशावर आहे, अगत्ती १० अंश ४९ मिनिटांवर. फरक ९ अंश ५४ मिनिटं. एका अंशात ६० मिनिटं, म्हणजे एकूण ५९४ मिनिटं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, १.८५२ किलोमीटर. अगत्ती थोडं पूर्वेला आहे, ते धरून सरळ अंतर सुमारे ६०० नॉटिकल मैल, म्हणजे साधारण १,१०० किलोमीटर होतं. रेखांशाच्या मिनिटाला मात्र पूर्ण मैल धरू नका. विषुववृत्तापासून वर जावं तसं ते लहान होत जातं.

२) मग वेळ
अंतराला वेगानं भागायचं. अगत्तीची धावपट्टी सुमारे १,२०० मीटरची, त्यामुळे तिथं पंख्याची एटीआर विमानं उतरतात. त्यांचा वेग २७० नॉट धरा: ६०० भागिले २७०, म्हणजे सव्वादोन तास. चढण्या-उतरण्याचा वेळ वेगळा. ८ नॉटच्या बोटीला हेच अंतर ७५ तास, म्हणजे तीन दिवस आणि तीन तास.
पण दीवहून अगत्तीला थेट विमानच नाही. मुंबई, कोची असं बदलत जावं लागतं. कागदावरचे सव्वादोन तास तिथंच संपतात.

३) आपल्या बोटीला हेच लागू
जीपीएस सरळ रेषेचं अंतर दाखवतो. मध्ये खडक आहे की वाळूचा बांध, ते तो बघत नाही. ४० मैल ८ नॉटनं पाच तासांत होतात. समोरून ३ नॉटची ओढ लागली तर वेग उरतो ५ नॉट, आणि लागतात आठ तास. खंभातच्या आखातात ओढ किती असते ते तांडेलांना सांगायला नको. म्हणून डिझेलचे तीन भाग करा: एक जायला, एक यायला, एक राखीव.

४) सगळ्यात महत्त्वाचं
अडचणीत ठिकाण सांगताना "वीस त्रेचाळीस" एवढंच बोलू नका. २० अंश ४३ मिनिटं आणि २०.४३ अंश ही दोन वेगळी ठिकाणं आहेत. दोन्हींत १७ नॉटिकल मैलांचा फरक पडतो, म्हणजे ३० किलोमीटरच्या वर. मदतीला येणारी बोट तेवढी लांब जाऊन शोधत बसेल. "अंश" आणि "मिनिटं" हे शब्द उच्चारा, आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्या.

तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४, व्हीएचएफवर चॅनल १६. दोन्ही केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

आज घरी बसून आपल्या बंदरापासून नेहमीच्या जागेपर्यंतचं अंतर याच रीतीनं काढा. पोरांना सोबत घ्या, खलाशांनाही शिकवा. तांडेल आजारी पडला तर ठिकाण सांगणारा बोटीवर दुसरा कुणीतरी हवाच.

आपला,
सचिव