हिमवादळ आणि मध्यवर्ती विमानतळ

हिवाळ्यातील एखाद्या संध्याकाळी शिकागोच्या ओहेअर विमानतळावर आकाश निरभ्र असते, वाराही मंद असतो, आणि तरीसुद्धा दुसऱ्या दिवशीच्या शेकडो उड्डाणांपुढे ‘रद्द’ हा शब्द दिसू लागतो. ज्याला मुलीच्या लग्नाला किंवा आजारी वडिलांच्या भेटीला जायचे आहे, त्या प्रवाशाला यात विमानकंपनीचा निव्वळ आळस दिसतो. अजून बर्फाचा एक कणही पडला नसताना उड्डाण रद्द का करावे? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, की आधुनिक हवाई वाहतुकीचे अंतरंग आपल्यापुढे उलगडू लागते.

चाकाचा तुंबा आणि आरे

अमेरिकेत १९७८ साली हवाई वाहतुकीवरील सरकारी नियंत्रणे उठविणारा कायदा झाला. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी आपल्या मार्गांची रचना बैलगाडीच्या चाकासारखी केली. मधला तुंबा म्हणजे एक मोठा विमानतळ आणि त्यातून निघणारे आरे म्हणजे लहानमोठ्या शहरांकडे जाणारे मार्ग. लहान गावातील प्रवासी प्रथम तुंब्याशी येतो आणि तेथे विमान बदलून पुढे जातो. या रचनेमुळे थोड्या विमानांत पुष्कळ शहरे जोडता येतात. परंतु तुंबा अडला की सारे चाकच थांबते.

एकच विमान दिवसभरात चारपाच फेऱ्या करते. सकाळी ओमाहाहून शिकागोला आलेले विमान तेथून बोस्टनला जाते, परत येते आणि संध्याकाळी डेन्व्हरकडे निघते. वैमानिक व विमानसेविका मात्र दिवसभर त्याच विमानाबरोबर असतात असे नाही. त्यांचे वेळापत्रक निराळे असते. म्हणून शिकागोत सकाळी अडकलेले एक विमान संध्याकाळपर्यंत अशा शहरांतील प्रवाशांनाही खोळंबून ठेवते, जेथे लख्ख ऊन पडलेले असते.

पंखांवरील बर्फ

विमानाला हवेत तोलून धरणारे बल पंखांच्या विशिष्ट आकारामुळे निर्माण होते. पंखावर खरखरीत पॉलिशकागदाइतका पातळ हिमाचा थर साचला, तरी हे उद्धरण बल सुमारे ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि हवेचा विरोध ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. डोळ्याला क्षुल्लक वाटणारा हा थर प्राणघातक ठरतो.

१३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळावर हिमवृष्टी होत असताना एअर फ्लोरिडाचे एक बोइंग ७३७ विमान उड्डाण करताच पुलावर आदळून पोटोमॅक नदीत कोसळले. त्याच्यावरील बर्फ काढल्यानंतर पाऊण तासाहून अधिक वेळ ते उड्डाणाची वाट पाहत उभे होते. इंजिनांची हिमरोधक यंत्रणाही चालू केलेली नव्हती. पुलावरील चौघांसह ७८ माणसे या अपघातात दगावली. दहा वर्षांनी, २२ मार्च १९९२ रोजी, न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर असाच अपघात होऊन ५१ पैकी २७ जण मृत्युमुखी पडले. या विमानावरील बर्फ दोनदा काढण्यात आला होता. परंतु त्यानंतरही सुमारे अर्धा तास प्रतीक्षेत गेला आणि तेवढ्यात पंखांवर पुन्हा हिम साचले.

या दोन्ही अपघातांचा धडा एकच होता: बर्फ काढणे पुरेसे नाही, काढल्यापासून उड्डाणापर्यंत किती वेळ गेला हेही मोजले पाहिजे. आज प्रथम ग्लायकॉल व पाणी यांचे गरम मिश्रण फवारून पंख स्वच्छ करतात. हा द्रव नारिंगी रंगाचा असतो. त्यानंतर हिरव्या रंगाच्या दाट द्रवाचा लेप देतात. पडणारे हिम हा लेप काही काळ स्वतःत शोषून घेतो आणि विमान वेगाने धावू लागले की वाऱ्याबरोबर ओघळून जातो. लेपाचा प्रभाव किती मिनिटे टिकेल हे तापमानावर आणि हिमवृष्टीच्या जोरावर अवलंबून असते व त्याचे तक्ते वैमानिकाजवळ असतात. ती मुदत संपली, तर पंखांची पुन्हा तपासणी करावी लागते किंवा रांग सोडून नव्याने फवारणीसाठी परतावे लागते.

धावपट्टीचे गणित

इकडे धावपट्टीवरही बर्फ साचतच असतो. नांगरासारखी पाती लावलेली अवजड वाहने एकामागे एक तिरप्या ओळीने धावून तो बाजूला सारतात आणि त्यांच्यामागून प्रचंड झाडू फिरतात. हे काम चालू असेपर्यंत ती धावपट्टी बंद ठेवावी लागते, आणि शेवटच्या टोकापर्यंत पोहोचावे तो पहिले टोक पुन्हा पांढरे झालेले असते. ओहेअरला आठ धावपट्ट्या आहेत. पण जोराच्या वादळात त्यांतील थोड्याच एका वेळी वापरता येतात. शिवाय दृश्यमानता कमी झाली की दोन विमानांतील अंतर वाढवावे लागते. अशा वेळी व्हर्जिनिया राज्यातील वॉरंटन येथील केंद्रीय नियंत्रण कक्ष ओहेअरकडे येणाऱ्या विमानांना त्यांच्या मूळ शहरांतच रोखून धरतो. आकाशात घिरट्या घालीत इंधन जाळण्यापेक्षा जमिनीवर थांबणे केव्हाही श्रेयस्कर.

काय सोडावे, काय राखावे

आता आपण पहिल्या प्रश्नाकडे वळू. तासाला येणाऱ्या विमानांची संख्या निम्म्यावर येणार हे आदल्या दिवशी ठाऊक असेल, तर निम्मी उड्डाणे रद्द होणारच. प्रश्न एवढाच, की ती कोणती आणि केव्हा. कंपनीच्या नियंत्रण कक्षातील मंडळी जाणारी व परतणारी फेरी अशी जोडीने रद्द करतात. नाहीतर विमान एका गावी आणि त्याची गरज दुसऱ्या गावी असा प्रसंग ओढवतो. ज्या शहराला दिवसातून दहा उड्डाणे जातात त्यांतील काही प्रथम गळतात, कारण तेथील प्रवाशाला पुढचे विमान मिळू शकते. समुद्रापार जाणारे एकुलते एक उड्डाण शक्यतो राखले जाते. काही विमाने मुद्दाम वादळाबाहेरच्या शहरांत नेऊन ठेवतात. तुंब्याशी उभी ठेवली तर सकाळी प्रत्येकावरचा बर्फ उपसावा लागेल. त्याच वेळी शुल्क न घेता तिकिटाची तारीख बदलण्याची सवलत जाहीर केली जाते. प्रवासी घरी असतानाच त्याला नकार कळणे हे, विमानतळावरील बाकावर रात्र काढण्यापेक्षा, अधिक दयाळूपणाचे असते.

हा कठोर निर्णय टाळल्यास काय घडते, हे न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर १४ फेब्रुवारी २००७ रोजी दिसले. इतर कंपन्यांनी पुष्कळ उड्डाणे आधीच रद्द केली होती. जेटब्ल्यू कंपनीने मात्र हवामान निवळेल या आशेवर विमानांत प्रवासी बसविले. गोठणारा पाऊस थांबला नाही. विमाने उडू शकेनात आणि परत यावे तर फलाट भरलेले. काही प्रवासी दहा तासांच्या आसपास विमानातच अडकून पडले. विमाने व कर्मचारी यांची घडी पुन्हा बसवायला कित्येक दिवस लागले आणि कंपनीच्या प्रमुखांना जाहीर क्षमा मागावी लागली. पुढे २०१० साली अमेरिकन सरकारने नियम केला, की देशांतर्गत उड्डाणातील प्रवाशांना तीन तासांपेक्षा अधिक काळ उभ्या विमानात ठेवू नये, आणि दोन तासांच्या आत त्यांना अन्नपाणी द्यावे.

डिसेंबर २०२२ मधील घटनेने निराळा धडा दिला. त्या वेळच्या वादळात साउथवेस्ट कंपनीची १६,००० हून अधिक उड्डाणे रद्द झाली आणि वीस लाखांवर प्रवाशांचे हाल झाले. इतर कंपन्या काही दिवसांत सावरल्या. हिची मात्र विमाने, वैमानिक आणि विमानसेविका यांची सांगड तुटली. कोण कोठे आहे, कोणाची विश्रांती पूर्ण झाली आहे, याचा मेळ संगणकव्यवस्थेला घालता येईना. वैमानिकांच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा असते. बर्फाची वाट पाहण्यात गेलेला वेळही त्यातच मोजला जातो. निसर्गाने पाडलेले बर्फ वितळले, पण व्यवस्थेतील गोठण कायम राहिली.

भारतीय वाचकाला हिमवादळ दूरचे वाटेल. तथापि डिसेंबर-जानेवारीत दिल्लीवर दाट धुके उतरले की मुंबई, बंगळूर वा गुवाहाटीच्या प्रवाशालाही खोळंबावे लागते, त्यामागचे तर्कशास्त्र हेच आहे. हवामान माणसाच्या हाती नाही. थोडे आधी सोडून देऊन पुष्कळ काही वाचविणे मात्र त्याच्या हाती आहे, आणि निरभ्र संध्याकाळी सूचनाफलकावर उमटणाऱ्या ‘रद्द’ या शब्दाचा खरा अर्थ तोच होय.