युक्तिवादांतील कच्चा दुवा

तर्कशक्तीच्या परीक्षेंत एक ठराविक प्रश्न येतो. पांचसहा ओळींचा युक्तिवाद देऊन खालीं चारपांच विधानें मांडतात व विचारतात, यांपैकीं कोणत्या विधानानें हा युक्तिवाद सर्वांत अधिक लंगडा पडतो? हुशार विद्यार्थीही येथें अडखळतात. कोणी दिलेल्या पुराव्याशींच भांडत बसतो. कोणी निष्कर्ष मनास रुचत नाहीं म्हणून त्याच्या उलट बोलणारें पहिलें विधान उचलतो. पुरावा खरा धरूनच चालावयाचें असतें. शोधावयाचें तें इतकेंच, कीं पुराव्यावरून निष्कर्षास जातांना बोलणाऱ्यानें न बोलतां काय गृहीत धरलें.

आमच्या नैयायिकांनीं अशा लपलेल्या अटीस उपाधि असें नांव दिलें आहे. 'अग्नि आहे, म्हणून धूर असलाच पाहिजे' असें म्हणणारा मनांतल्या मनांत ओलें सरपण धरून चालतो. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा त्याच्यापुढें ठेवा. अग्नि आहे, धूर नाहीं. वाद तेथेंच संपला.

आतां एक खरी हकीकत पाहूं. व्हिएन्ना शहरच्या मोठ्या रुग्णालयांत प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यांत वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी. १८४६ सालीं पहिल्या विभागांत ४,०१० बाळंतिणींपैकीं ४५९ दगावल्या, म्हणजे शेंकडा ११.४, दुसऱ्यांत ३,७५४ पैकीं १०५, म्हणजे शेंकडा २.८. पहिल्या विभागांत जाण्याची पाळी येऊं नये म्हणून बायका हातापायां पडत.

कारणें सांगणारे पुष्कळ होते. कोणी म्हणत, शहरावरील दूषित हवेनें सूतिकाज्वर येतो. पण हवा दोन्ही विभागांवर एकच! कोणी म्हणत, 'दाटीनें ज्वर वाढतो. पहिल्या विभागांत दाटी आहे. म्हणून तेथील मृत्यु दाटीमुळें.' याचा कच्चा दुवा कोणता? 'तेथें दाटी नव्हतीच' हें म्हणणें पुराव्याशीं भांडण झालें. 'दाटी कमी करण्यास पैसा लागतो' हें खरें असेल, पण विषयांतर आहे. 'दुसऱ्या विभागांत याहूनही अधिक दाटी आहे' हें उत्तर. कारण दुसरा विभाग मोकळा असेल, हेंच बोलणाऱ्यानें मुकाट्यानें धरलें होतें. आणखी एक मत असें, कीं मरणोन्मुख स्त्रीकडे जाणारा धर्मगुरु पहिल्या विभागांतील खोल्यांतून घंटेसह जाई, त्या धास्तीनें इतर बायका खचत. डॉक्टर सेमेलवाइस यांनीं हेंही हंसण्यावारी नेलें नाहीं. त्यांनीं धर्मगुरूस वळसा घेऊन, घंटा न वाजवितां जाण्याची विनंति केली. मृत्यु कमी झाले नाहींत.

१८४७ च्या मार्चमध्यें त्यांचे स्नेही प्रोफेसर कोलेच्का यांस शवविच्छेदनाच्या वेळीं सुरी लागली व ते वारले. त्यांच्या प्रेतांत तींच चिन्हें आढळलीं, जीं त्या मातांच्या प्रेतांत आढळत. विद्यार्थी व डॉक्टर शवागारांतून थेट प्रसूतिगृहांत येत. सुइणी शवास हात लावीत नसत. मे महिन्यापासून क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याचा नियम झाला. १८४८ सालीं पहिल्या विभागांतील प्रमाण शेंकडा १.२७ वर उतरलें.

येथें गोष्ट संपवावी असें वाटतें, परंतु आम्हांस तिचा पुढील भागच अधिक महत्त्वाचा वाटतो. ऑक्टोबर १८४७ मध्यें गर्भाशयाच्या कर्करोगानें पीडित अशी एक स्त्री विभागांत आली. तिला तपासून डॉक्टरांनीं केवळ साबणानें हात धुतले व इतरांस तपासलें. त्या वेळीं प्रसूत झालेल्या बारा जणींपैकीं अकरा मेल्या. शवाशीं येथें संबंध नव्हता. म्हणजे 'रोगाचें मूळ शवांतच' हा निष्कर्ष कोसळला. 'हातांवाटे कांहीं तरी जातें' हा मात्र अधिकच बळावला. परीक्षेंत पर्याय निवडतांना कोणत्या निष्कर्षावर घाव बसतो हें पाहावयाचें, तें याकरितां. सेमेलवाइस यांनीं नियम लागलीच वाढविला.

वाचकांस एक प्रश्न देऊन ठेवतों. समजा, त्या काळचा एखादा विरोधक म्हणता, 'मेनंतर मृत्यु उतरले ते ऋतु पालटल्यामुळें, हात धुतल्यामुळें नव्हे.' त्याचा कच्चा दुवा दाखविण्यास आपण कोणत्या विभागाचे, कोणत्या महिन्यांचे आंकडे मागाल?