मांडी मोडली तरी साधना मोडू नये
(उतारवयातील गृहस्थांसाठी योगाचा सोपा पाठ)

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

सद्भक्तहो,

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की आपल्या वडनेर भोलजीत गुरुचरित्राच्या पोथ्या बाहेर निघतात. तीन वर्षांपूर्वी मीही सप्ताहाला बसलो होतो. मुखात दत्ताचे नाव, डोळे ओवीवर, आणि मन मात्र सगळे उजव्या गुडघ्यात! तिसऱ्या दिवशी मला उठवेना. पोथी मुलाच्या हाती दिली आणि भिंतीला टेकून नुसता ऐकत बसलो. त्या रात्री झोप लागली नाही. जन्मभर कपाशी-तुरीच्या शेतात वाकलेले शरीर देवासमोर बसायच्या वेळीच का दगा देते, हाच विचार घोळत राहिला.

योग शिकावा असे मनात आले तेव्हा शेजारचे एक बुवा म्हणाले, "आता कायचा योग, बावा! राह्यले किती दिस?" आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात हाच प्रश्न असतो. म्हणून हा पाठ.

दत्तप्रभू काय सांगतात

आपले दैवत हे योगिराज. 'दत्तात्रेययोगशास्त्र' नावाचा एक संस्कृत ग्रंथ आहे. अभ्यासक तो साधारण तेराव्या शतकातला मानतात. हठयोग हे नाव घेऊन तो शिकवणाऱ्या सर्वांत जुन्या ग्रंथांत त्याची गणना होते. सांकृती मुनी विचारतात आणि दत्तप्रभू सांगतात, अशी त्याची रचना आहे. त्यातल्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या.

पहिली, तरुण असो, म्हातारा असो की रोगी असो, अभ्यास करणाऱ्याला हळूहळू फळ मिळते. दुसरी, योगाचा वेष घेऊन किंवा योगाच्या गप्पा मारून काही साधत नाही, करावे लागते. तिसरी, यमांमध्ये हलका आहार मुख्य आणि नियमांमध्ये अहिंसा मुख्य. महाप्रसादाच्या पंगतीत तिसऱ्यांदा वाढून घेताना हे आठवावे! आणि अहिंसा फक्त दुसऱ्याशीच नव्हे, स्वतःच्या गुडघ्याशीही पाळावी.

पतंजलींनी आसनाची खूण सांगितली ती एवढीच, की बसणे स्थिर हवे आणि सुखाचे हवे. मग कळा सोसत घातलेल्या पद्मासनापेक्षा खुर्चीवर ताठ, शांत बसणे हेच खरे आसन नाही का?

महाराष्ट्रातली वाट

पूर्वी योग म्हणजे गुहेतल्या साधूंचे काम असे लोक समजत. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि आसन-प्राणायामाने शरीरात काय घडते ते यंत्रे लावून तपासायला सुरुवात केली. इकडे आपल्या विदर्भात जनार्दनस्वामींनी नागपुरात योगाभ्यासी मंडळ उभे केले आणि संसारी माणसाला विनामूल्य योग शिकवला. आज गावोगावी योगवर्ग दिसतात, त्यामागे अशा माणसांची पुण्याई आहे.

शरीरात काय घडते

स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतो. चिंता असली की श्वास उथळ आणि भराभर होतो. तो सावकाश केला, विशेषतः सोडताना लांबवला, की नाडीची धावपळ कमी होते, शरीर विसाव्याकडे वळते आणि मनही निवते. सांध्यांचे म्हणाल तर न हलवलेला सांधा आखडतो, भोवतालचे स्नायू अशक्त होतात आणि सगळा भार सांध्यावर येतो. म्हणून गुडघा दुखतो तेव्हा तो बांधून ठेवायचा नसतो, जपून हलवायचा असतो.

रोजचा अर्धा तास

सकाळी पोट रिकामे असताना, सतरंजीवर किंवा खुर्चीवर:

1. घोटे, गुडघे, खांदे, मनगटे सावकाश फिरवणे आणि वाकवणे. मान हळूच डावी-उजवीकडे. 8 मिनिटे.
2. भिंतीला हात लावून ताडासन. याने तोल सुधारतो. म्हातारपणी पडण्याची भीती मोठी, हे विसरू नये.
3. उताणे झोपून एकेक पाय पोटाशी घेणे. दोन्ही पाय एकदम नको.
4. पाच मिनिटे शवासन. उठताना आधी कुशीवर वळावे, थोडे बसावे, मग उभे राहावे. झटक्यात उठले तर चक्कर येते.
5. श्वास न कोंडता अनुलोम-विलोम, नंतर भ्रामरी किंवा ओंकार.

माझी चूक ऐका

सुरुवातीला दूरदर्शनवर पाहून मी जोरजोरात कपालभाती करू लागलो. चौथ्या दिवशी डोळ्यांपुढे अंधारी आली. डॉक्टरांनी विचारले, "काका, रक्तदाबाची गोळी घेता ना? मग हे कोणाला विचारून केले?" म्हणून सांगतो: रक्तदाब, हृदयविकार असेल तर श्वास कोंडणे आणि जोराचे श्वास टाळावेत. काचबिंदू असेल तर डोके खाली जाणारी आसने नकोत. हर्निया किंवा नुकते पोटाचे ऑपरेशन झाले असेल तर पोटावर दाब नको. गुडघा बदललेल्यांनी वज्रासनाचा हट्ट धरू नये. आणि योग सुरू केला म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. पोटभर जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावेत.

मनाचा अभ्यास

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने चोवीस गुरू सांगितले. त्यात एक बाण करणारा कारागीर आहे. समोरून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला पत्ता नाही, इतका तो बाण सरळ करण्यात गुंतलेला. आपल्या घरात नातवंडांचा गलका, मोबाईलची घंटा, रस्त्यावरच्या ट्रकांचे भोंगे आहेतच. ते थांबायची वाट पाहिली तर जन्म जाईल. श्वास हा आपला बाण समजावा. मन पळाले की रागावू नये, हळूच परत आणावे. पुन्हा पुन्हा आणणे हाच अभ्यास.

माझा गुडघा पूर्ण बरा झाला असे म्हणणार नाही. पण रात्री झोप लागते, जिना भीती न वाटता चढतो. मागच्या वर्षी खुर्चीवर बसून, मधून मधून पाय मोकळे करत मी सातही दिवस पारायण केले. अवतरणिका वाचताना मन पोथीतच होते, गुडघ्यात नव्हते.

त्या दिवशी तेच शेजारचे बुवा आरतीला आले होते. हळूच म्हणाले, "मले बी शिकव ना बावा." आता सकाळी दोन सतरंज्या पडतात. राहिले दिवस किती, हे दत्तप्रभू जाणोत. आहेत ते नीट बसून नाम घेण्यात जावेत, एवढे आपल्या हाती आहे.

॥ अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त ॥